खायचा सोडा आणि चांगला हेतू



मागच्या महिन्यात गुरुवारच्या उपासनेनंतर आपल्या ग्रुपवर इंदूरच्या एका ताईंनी प्रश्न टाकला होता: हेतू शुद्ध असेल तर हातून झालेल्या चुकीचा दोष लागतो का? उत्तरं भराभर आली. बहुतेकांचं म्हणणं एकच, देव भाव बघतो. मीही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि मोकळी झाले. रात्री मात्र झोप लागेना. कारण त्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका ताजा अनुभव माझ्याजवळ होता आणि मी तो कुणाला सांगितलेला नव्हता. पत्रिकेचं काम बघणाऱ्या दादांना म्हटलं तर ते म्हणाले, लिहाच. म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. आपल्यापैकी खूप जणांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यामुळे तिकडचं घर, थंडी, दिवसभराचं एकटेपण हे काही वेगळं सांगायला नको. माझ्या मुलाला एक छंद आहे. त्याने हॉलमध्ये समुद्र ठेवलाय. म्हणजे ७५ गॅलनची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, खडक, चार-पाच मासे आणि प्रवाळ. आपण ज्याला पोवळं म्हणतो त्याचे नातेवाईक, पण जिवंत.

मला आधी वाटलं होतं ही झाडं आहेत. फांद्याच तशा, कुणी जांभळी, कुणी हिरवी. मुलगा हसला. म्हणाला, आई, हा प्राणी आहे. एकेक फांदी म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला एक तोंड, भोवती शुंडकं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडात ते शैवाल साखर तयार करतं आणि बरीचशी घरमालकाला देतं. मालक त्याला आसरा देतो आणि आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड देतो. समुद्र फार तापला की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ मध्ये असं जगभरच्या समुद्रांत एकाच वेळी झालं, आपल्या लक्षद्वीपलाही.

हे सगळं ऐकून मी विचारलं होतं, मग समुद्रातला जीव असा घरात आणून ठेवायचा कशाला? तो म्हणाला, हे समुद्रातून तोडलेलं नाही, मोगऱ्याचं कलम करतात तसं एकाच्या टाकीतल्या फांदीचा तुकडा कापून दुसऱ्याकडे जातो, डिंकासारख्या गोंदाने दगडाला चिकटवतात. त्याची सगळी प्रवाळं अशीच आलेली, अंगठ्याच्या पेराएवढी. तीन वर्षांत मुठीएवढी झाली होती. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं असं नाही. मोगरा अंगणात मातीत असतो, हे काचेत. (आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली आहेत. मालवण, गोव्याकडे किंवा जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीच्या वेळी जाल तर बघा, पण खिशात काही घालू नका.) नंतर लक्षात आलं की बोलणाऱ्या माझ्याच बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं आहे. सासूबाईंनी दिलेलं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा जाड होत नाही. म्हणजे खड्याएवढं व्हायला त्या जिवांना किती वर्षं लागली असतील, आणि मी विचारते आहे, घरात कशाला ठेवतोस! त्या दिवशी मी गप्प बसले.

आता पाण्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे आणि मला त्यात गोडीही वाटली.

प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपला खडू-चुनखडीच्या जातीचा. तो बांधायला त्याला पाण्यातून दोन वस्तू लागतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम असतं, भरपूर. दुसऱ्या वस्तूचा साठा मात्र लहान. तो ज्या मापाने मोजतात त्याला अल्कलिनिटी म्हणतात, एकक डीकेएच. समुद्रात ती सुमारे ७ असते, टाकीत लोक ७ ते ९ च्या आसपास ठेवतात. गंमत अशी की प्रवाळाने अल्कलिनिटी २.८ ने खाली आणली, तरी तेवढ्याच वेळात कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने उतरतं. ४२० चं ४०० झालं तर कुणाला कळतंय? पण ८.४ चं ५.६ झालं तर तिजोरी रिकामी व्हायला आली. म्हणून हे लोक सारखी अल्कलिनिटी तपासत बसतात. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास लागतं, नाहीतर चुना पाण्यातच साका धरून बसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी थोडे, पण शून्य नकोत. शून्य झाले तर प्रवाळ उपाशी आणि नाजूक होतं. रात्री दिवे बंद झाले की शैवालाचं काम थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालू, मग पाण्याचा पीएच उतरतो. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद आणि घरात माणसं जास्त असली की आणखी उतरतो. पाहुणे आले की मुलगा खिडकी किलकिली करायचा, आणि सून म्हणायची, आम्ही गारठलो तरी चालेल, प्रवाळ जगू देत!

रोज जो खर्च होतो तो भरून काढायला त्याने एक छोटा पंप लावलाय. पंपातून रात्रभर थेंब थेंब काय पडतं, माहीत आहे? चुन्याची निवळी. आपल्या आज्या पानाचा चुना पाण्यात घोळून वरचं नितळ पाणी काढायच्या, तीच. जर्मन नावाने ओळखतात, कल्कवासर. मला इतकं हसू आलं! सातासमुद्रापार येऊन पोराने शेवटी चुन्याची निवळीच केली.

आणि खरं सांगते, तिथेच माझं बिनसलं. मी वडोदऱ्याच्या सायन्स फॅकल्टीची, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. ब्युरेट, पिपेट, टायट्रेशन यात माझा हात चांगला होता. लग्नानंतर पस्तीस वर्षं तो हात पोळ्या लाटण्यात गेला. तक्रार नाही, पण गेला. इथे मुलाने तपासणीचा संच हातात दिला, काचेच्या कुपीत ५ मिली पाणी, त्यात थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. पहिल्यांदा तो रंग पालटला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेला वाटलं काहीतरी तिखट उडालं.

मुलगा ऑफिसच्या कामाला नऊ दिवस दुसऱ्या गावी गेला. जाताना वही दिली. म्हणाला, एक दिवसाआड आकडा लिही, ८ च्या खाली गेला तर मला फोन कर, तू आपणहून काही घालू नकोस.

सोमवारी ८.३ आलं. लिहिलं. बुधवारी ७.४. मला वाटलं थेंब मोजताना आपलंच चुकलं. म्हणून लिहिलं नाही. शुक्रवारी रात्री ६.४. पंपाकडे बघितलं तर नळीच्या तोंडाशी पांढरी पापडी धरलेली. निवळीला हवा लागली की ती दुधाळ होते, कार्बन डायऑक्साइडची परीक्षा म्हणून आपण शाळेत करतो ना, तेच झालं होतं. चुन्याने नळी बुजली होती. मी टूथपिकने साफ केली. थेंब पुन्हा पडू लागला. तिथेच थांबून फोन करायचा होता. रात्रीचे दहा वाजले होते, मुलगा जागा असणार होता.

मी फोन केला नाही. कागद घेतला, हिशेब मांडला. टाकीत खडक वगैरे वजा जाता अडीचशे लिटर पाणी. अल्कलिनिटी १ ने वाढवायला खायचा सोडा साडेसात ग्रॅम लागेल. मला २ ने वाढवायची म्हणजे पंधरा ग्रॅम, तीन सपाट चमचे. हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. पाण्यात विरघळवून खालच्या टाकीत ओतला. दहा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा जेमतेम हललेला. पाणी वर-खाली फिरून एकजीव व्हायला वेळ लागतो एवढं साधं भान राहिलं नाही. आणखी दोन चमचे घातले. सकाळी आकडा ९.७.

घाबरले, पण मनाशी म्हटलं, काही लोक ११ पर्यंतसुद्धा ठेवतात. तेही खरंच आहे. पण ते हळूहळू तिथे पोचलेले असतात. दिवसाला १ पेक्षा जास्त चढवू नये असा या लोकांचा साधारण दंडक आहे, मी एका रात्रीत ३.३ चढवले. त्यात त्याच्या टाकीत नायट्रेट जवळजवळ नव्हतंच. रविवारी फांद्यांची टोकं पांढरी दिसली. सोमवारी बुडापासून कातडी सुटायला लागली, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तशी, पाण्यात तरंगत. आत पांढरा सांगाडा. मी पडदा ओढून घेतला, टाकी दिसू नये म्हणून.

मंगळवारी मुलगा आला. बॅग दारातच ठेवून टाकीसमोर बसला. तपासलं तर ९.६. वही बघितली, सोमवारनंतर कोरी. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, अरे, राहूनच गेलं बघ. किती सहज तोंडातून गेलं ते. मग त्याने पंप बघितला, नळी स्वच्छ. म्हणजे कुणीतरी पंपाचं बटण दाबून धरलं असणार, असा त्याने तर्क केला. माझी साडेसहा वर्षांची नात पूर्वी एकदा त्या बटणाशी खेळताना सापडली होती. त्याने तिला बोलावलं. आवाज चढवला नाही, पण पुन्हा पुन्हा विचारलं, तू दाबलंस का, खरं सांग, रागावणार नाही. ती नाही म्हणत राहिली आणि मग रडायला लागली. मी पाच पावलांवर ओट्याशी गवार मोडत होते. मोडत राहिले.

का गप्प राहिले? त्यावेळी माझ्याकडे कारणं होती, आणि सगळी चांगली. पोरगा दमून आलाय, आत्ता नको. सुनेसमोर नको. लहान मूल आहे, उद्या विसरेल. बघा, चांगल्या हेतूंना तोटा नसतो. शुक्रवारी सोडा घालायला एक होता, मंगळवारी गप्प बसायला तीन होते.

गुरुवारी रात्री नात माझ्याजवळ झोपली होती. दिवा घालवल्यावर हळूच म्हणाली, "आजी, मी झोपेत उठून दाबलं असेल का गं ते बटण?"

म्हणजे दोन दिवसांत ते पोर स्वतःवरच संशय घ्यायला लागलं होतं. आपण केलेलं नाही हे माहीत असूनही. मी उठले, खाली गेले आणि मुलाला सगळं सांगितलं. चमच्यांसकट.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, शनिवारी फोन केला असतास तर चांगली टोकं कापून वेगळी लावता आली असती." एवढंच. सोड्याबद्दल एक शब्द नाही. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं, कारण सोड्यासाठी माझ्याजवळ सबब होती. शनिवारसाठी नव्हती.

सकाळी नातीची माफी मागितली. सून म्हणाली, आई, कशाला, मोठ्या माणसांनी लहानांची माफी मागायची का? आपल्या घरांतून ती पद्धत नाही हे खरं. पण मूल मान खाली घालून फिरत होतं आणि ती मान माझ्यामुळे खाली होती. नातीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तू बाबाला आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, भीती वाटली. ती म्हणाली, तुला पण वाटते? आणि पुढे दोन-तीन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. ते मी सोसलं. माफी मागितली म्हणजे समोरच्याने लगेच द्यायलाच हवी असं थोडंच आहे?

आता ताईंच्या प्रश्नाकडे. माझा हेतू शुद्ध होता का? मीही आधी हो म्हणाले असते. पण नीट बघितलं तर शुक्रवारी रात्री माझ्या मनात एक नव्हे, तीन गोष्टी होत्या. प्रवाळ मरू नये ही काळजी, ती होतीच. दुसरी, मुलाने आल्यावर म्हणावं की आईने एकटीने निभावलं, केमिस्ट्री विसरली नाही. आणि तिसरी, जी कबूल करायला सगळ्यांत जड जाते: मुलाला विचारावं लागणं मला नको होतं. ज्याला मी पाढे शिकवले, त्याला विचारायचं, सोडा घालू का म्हणून? या तिन्हींतला माझा हेतू कोणता? चूक झाल्यावर आपण मागे वळून त्यातला सगळ्यांत स्वच्छ धागा उचलतो आणि म्हणतो, हा माझा हेतू. खोटं नसतं ते. अपुरं असतं.

आणि देव भाव बघतो हे मी मानते. पण पाणी बघत नाही. प्रवाळाला कळलं ते एवढंच की आदल्या दिवशी जग एक होतं आणि सकाळी दुसरं झालं. त्यात विषसुद्धा नव्हतं, हे मला अजून चमत्कारिक वाटतं. ज्याने त्याचं अंग बनतं तेच मी घातलं, त्याला हवं होतं तेच. मधुमेह झालेल्या माणसाला प्रेमाने दुसरा लाडू वाढणाऱ्या आपण सगळ्याच जणी. ज्याला सोसावं लागलं त्याने माझा भाव हिशेबात का धरावा? नातीनेही का धरावा?

यावर कुणी म्हणेल, असं बघितलं तर माणसाने काही करूच नये. डॉक्टरच्या हातूनही चूक होते, मग त्याने हात बांधून बसावं का? बरोबर आहे. उद्या फोन लागत नसता, मुलगा विमानात असता, तर मला काहीतरी करावंच लागलं असतं, आणि तेव्हाही प्रवाळ मेलं असतं तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता. पण फोन उशाशी होता. विचारता येत असताना न विचारणं, आणि झाल्यावर सांगता येत असताना न सांगणं, या दोन्ही ठिकाणी माझा हेतू काय होता हे विचारायची गरजच नाही. तिथे हेतू मी नंतर शोधून काढले.

दोष लागतो की नाही, म्हणजे कर्माच्या हिशेबात, ते मला ठाऊक नाही. निष्काम कर्मावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही, ज्येष्ठांनी सांगावं. पण एक खटकतं. "मला दोष लागेल का" हे विचारताना माझं सगळं लक्ष पुन्हा माझ्यावरच असतं. त्या वेळात टोकं कापायची राहून जातात.

तीनपैकी दोन प्रवाळं गेली. तिसऱ्याची दोन चांगली पेरं मुलाने कापून नव्या दगडांना चिकटवली. एक आठवड्यात पांढरं पडलं. दुसऱ्याने महिनाभर काहीच केलं नाही, आणि मग बुडाशी गोंदावर जांभळट कड पसरायला लागली, नखाएवढी. तशी पसरली म्हणजे धरलं म्हणायचं. आता दर रविवारी नात मला व्हॉइस मेसेज पाठवते: आजी, आठ पॉइंट एक. आजी, आठ पॉइंट दोन. थेंब तीच मोजते, बाबा शेजारी उभा असतो.

बोटातलं पोवळं मी काढून ठेवलंय. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. सासूबाईंची आठवण आहे, टाकवत नाही.

परत निघायच्या आदल्या रात्री मी ती वही मागून घेतली. बुधवारची, शुक्रवारची आणि शनिवारची जागा कोरीच होती. मुलगा म्हणाला, राहू दे ना आई आता, काय उपयोग. मी म्हटलं, नको, दे. ७.४. ६.४, खायचा सोडा पाच चमचे. ९.७. खाली माझी सही केली आणि वही त्याला परत दिली.